गाळणीचा खर्च कोणी द्यायचा?

जर्मनी देशात एल्बे नावाची मोठी नदी आहे. ती समुद्राला मिळते, त्याच्या अलीकडे सुमारे शंभर किलोमीटरवर हांबुर्ग नावाचे शहर आहे. जर्मनीतले हे सर्वांत मोठे बंदर. जगातल्या सगळ्या देशांची जहाजे तेथे लागतात.

या हांबुर्गला लागून पूर्वी आल्टोना नावाचे दुसरे शहर होते. लागून म्हणजे किती लागून? मधे डोंगर नाही, ओढा नाही, माळसुद्धा नाही. एकाच रस्त्याची ही बाजू हांबुर्गची आणि ती बाजू आल्टोनाची. परक्या माणसाला कळायचे नाही की एक शहर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले. माणसे कामाला या शहरात, राहायला त्या शहरात. पण कारभार मात्र निरनिराळा. हांबुर्गचे स्वतःचे सरकार होते, स्वतःची सभा होती, स्वतःचे कायदे होते. आल्टोना प्रशिया नावाच्या मोठ्या राज्यात मोडत असे.

१८९२ साली तेथे पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. हांबुर्गात सुमारे ८,६०० माणसे मेली. आल्टोनात मेली तीनशेच्या आसपास.

आता तुम्ही म्हणाल, हांबुर्ग मोठे असेल. होते खरे. हांबुर्गची वस्ती सव्वासहा लाखांच्या आसपास आणि आल्टोनाची दीड लाखाला थोडी कमी. म्हणजे चौपटीहून थोडी जास्त. त्या हिशेबाने हांबुर्गात फार तर तेरा-चौदाशे माणसे दगावायला हवी होती. दगावली त्याच्या सहापट. हवा तीच, उन्हाळा तोच, नदी तीच, लोक त्याच रक्ताचे. मग हा फरक कशाने पडला?

फरक पडला तो वाळूच्या गाळणीने. आल्टोनात नदीचे पाणी वाळूतून गाळून नळाला सोडत. हांबुर्गात ते न गाळता सोडत. आणि हांबुर्गात गाळणी का नव्हती, तर तिचा खर्च कोणी द्यायचा हे तेथल्या सभेत वर्षानुवर्षे ठरत नव्हते. हीच हकीकत आज आपण नीट पाहू.

प्रथम पटकी कशी पसरते ते ध्यानात घ्या. पटकीचा एक जंतू असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि रोग्याच्या जुलाबावाटे बाहेर पडतो. तो मैला पुन्हा पाण्यात गेला की ते पाणी पिणारा पुढचा माणूस आजारी पडतो. असे हे चक्र आहे. रोग्याला भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब होतात, उलट्या होतात, आणि अंगातले पाणी भराभर निघून जाते. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जातो. आज मीठ-साखर-पाणी, म्हणजे ओ. आर. एस., वेळेवर पाजले तर बहुतेक रोगी वाचतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे हजारो रोग्यांवर करून दाखवले. पण ते पुष्कळ नंतरचे. १८९२ साली डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

हा जंतूच पटकीचे मूळ आहे हे दाखवले रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने. त्यासाठी तो आपल्या देशात आला होता बरं का. १८८४ साली कलकत्त्यात त्याने पटकीने मेलेल्यांची आतडी तपासली आणि त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू त्याला सापडला. ज्या तळ्याचे पाणी लोक पीत, त्याच तळ्यात धुणे, त्याच तळ्यात अंघोळ, आणि तळ्याच्या पाण्यातही तोच जंतू. तेव्हा जर्मनीला ही गोष्ट १८८४ पासून ठाऊक होती. हांबुर्गकरांना ती ठाऊक नव्हती असे नव्हे. ठाऊक असणे निराळे आणि तिच्यासाठी पैसे काढणे निराळे.

आता हांबुर्गच्या पाण्याची हकीकत ऐका. १८४२ साली मे महिन्यात हांबुर्गात मोठी आग लागली. शहराचा बराच भाग जळून खाक झाला. नवे शहर बांधायचे म्हणून विल्यम लिंडली नावाच्या इंग्रज इंजिनियराला काम दिले. त्याने जमिनीखालून गटारे बांधली, नदीचे पाणी पंपाने उचलून घरोघर नळ दिले. १८४८ साली हे नळ सुरू झाले. त्या काळी युरोपातल्या थोड्याच शहरांत अशी सोय होती. हांबुर्गकरांना तिचा मोठा अभिमान वाटे आणि वाटावा असेच ते काम होते.

पण त्यात एक उणीव राहिली होती. पाणी नदीतून घ्यायचे, मोठ्या हौदांत थोडा वेळ निवळू द्यायचे आणि तसेच नळाला सोडायचे. पाणी घेण्याची जागा शहराच्या वरच्या बाजूला होती आणि गटारे खालच्या बाजूला नदीत सुटत. ऐकायला हे ठीक वाटते. पण समुद्राची भरती एल्बे नदीतून हांबुर्गपर्यंत चढते. कोकणातल्या खाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. भरती आली की पाणी उलटे वर सरकते. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी असले म्हणजे गटाराचे पाणी भरतीबरोबर वर वर जाऊन पंपाच्या तोंडाशी पोहोचे. शहर मोठे होत गेले तसे हे वाढत गेले.

लोकांना हे दिसत नव्हते का? चांगले दिसत होते. हांबुर्गच्या नळांतून लहान बाम मासे येत, गोगलगायी येत, शिंपले येत. नळांच्या आत इतक्या जातींचे प्राणी वस्ती करून होते की एका प्राणिशास्त्राच्या पंडिताने त्यांवर खास निबंध लिहून छापला. पाणी पिणारे पीत राहिले आणि निबंध लिहिणाऱ्याने निबंध लिहिला.

आल्टोनाची गोष्ट याच्या उलट. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला. हांबुर्गची सगळी घाण वाहून आल्यावर जे पाणी उरते ते आल्टोनाच्या वाट्याला. ते न गाळता प्यायचा विचारच करता येत नव्हता. म्हणून १८५९ सालीच ब्लांकेनेझे नावाच्या गावाजवळच्या टेकडीवर वाळूच्या गाळण्या बांधल्या गेल्या. ज्याच्या वाट्याला जास्त घाण आली त्याने आधी गाळणी बांधली, आणि ज्याला वाटले आपले पाणी त्यातल्या त्यात बरे आहे, तो थांबला.

ही गाळणी म्हणजे काही फार मोठे यंत्र नव्हे. एक मोठा, उथळ हौद असतो. तळाला दगडगोटे, त्यावर बारीक खडी, त्यावर हातदोन हात जाडीचा वाळूचा थर. वर पाणी सोडायचे. ते वाळूतून हळूहळू झिरपून खाली येते आणि तळाच्या नळीने बाहेर जाते. वाळवंटात झरा काढून पाणी घेतात, ते ज्यांनी केले आहे त्यांना ही युक्ती कळेल. पण खरे काम नुसती वाळू करत नाही. काही दिवस पाणी झिरपले की वाळूच्या वर एक बुळबुळीत साय धरते. ती दिसायला ओंगळ असते, पण तीच कामाची. त्या सायीत जंतू अडकतात आणि मरतात. म्हणून पाणी घाईने सोडून चालत नाही. कॉखने पुढे नियम घालून दिला की वाळूतून पाणी तासाला दहा सेंटिमीटरहून वेगाने उतरू देऊ नये. साय फार दाट झाली की वरचा पातळ थर खरवडून काढायचा आणि नवी साय धरेपर्यंत ते पाणी प्यायला सोडायचे नाही. एवढीच विद्या. पण तिला जागा लागते, माणसे लागतात, रोजची देखरेख लागते. म्हणजेच पैसा लागतो.

हांबुर्गात गाळणीचा विषय १८७० नंतर पुन्हा पुन्हा निघत होता. तेथला पाण्याचा मुख्य इंजिनियर तिच्या बाजूचा होता. मग अडले कोठे? हे समजण्यासाठी तेथली सभा कशी होती ते पाहायला हवे.

हांबुर्गच्या सभेत १६० सभासद होते. त्यांतले निम्मे सर्वसाधारण मतदारांनी निवडायचे. चाळीस सभासद एकट्या घरमालकांनी निवडायचे. आणि उरलेले चाळीस न्यायाधीश, अधिकारी वगैरे मानकऱ्यांनी निवडायचे. सभेच्या वर अठरा जणांचे एक मंडळ होते. त्याला सेनेट म्हणत. एकदा सेनेटवर गेलेला माणूस मरेपर्यंत सेनेटवर. आणि सर्वसाधारण मतदार तरी कोण? ज्याने तीस मार्क भरून शहराचे नागरिकत्व विकत घेतले तोच. मार्क म्हणजे तेथले नाणे. गोदीवर ओझी वाहणाऱ्या मजुराने एवढे पैसे एकदम कोठून आणावेत? त्यामुळे शहरात लाखो माणसे राहत, पण मत फार थोड्यांना होते. बायकांना तर नव्हतेच.

अशा सभेत गाळणीचा ठराव आला की काय होणार ते तुम्हीच ताडा. घरमालक म्हणत, गाळणी बांधायची तर कर वाढणार, आणि तो आमच्या घरांवर बसणार; आम्ही का द्यावा? दुसरे म्हणत, ज्याला स्वच्छ पाणी हवे त्याने आपल्या घरी फिल्टर बसवावा. श्रीमंतांनी तसे बसवलेही होते. तिसरे म्हणत, लोक पाणी फार वाया घालवतात, आधी नळांना मीटर बसवा, म्हणजे पाणी कमी लागेल आणि गाळणीही लहान पुरेल. पण मीटर घरमालकांना मुळीच नको होते. मग चर्चा गाळणीवरून मीटरवर गेली आणि मीटरवरच अडकून बसली. सेनेट सभेकडे बोट दाखवी, सभा सेनेटकडे. ज्यांनी आपल्या गावात पाण्याच्या टाकीची जागा ठरवताना ग्रामसभा ऐकली आहे त्यांना यातले एकही वाक्य नवे वाटणार नाही.

या वादाला एका विद्वानाचाही आधार मिळाला. म्युनिक शहरात माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे फार मोठे आरोग्यशास्त्रज्ञ होते. त्यांचे म्हणणे असे की नुसत्या जंतूने पटकी होत नाही. जमीन कशी आहे, जमिनीतले पाणी किती खाली आहे, यावर सगळे अवलंबून. कॉखचे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. हांबुर्गच्या कारभाऱ्यांना पेटेनकोफरांचे मत मानवले. कारण सरळ आहे. दोष जमिनीचा असेल तर गाळणीचा खर्च कशाला? अर्थात पेटेनकोफरांवर अन्याय करू नये. त्यांनी स्वतःच्या म्युनिकमध्ये गटारे आणि स्वच्छ पाणी यांसाठी आयुष्यभर खटपट केली होती. पण विद्वानाच्या मतातला आपल्या सोयीचा तेवढा भाग उचलायचा, ही लोकांची जुनी सवय आहे.

अखेर १८९० साली ठराव पास झाला. नदीतल्या एका बेटावर गाळण्या बांधायचे काम सुरू झाले. चार वर्षांत ते पुरे व्हायचे होते.

पटकी दोन वर्षांतच आली.

१८९२ चा उन्हाळा कडक होता. नदीचे पाणी खाली गेले होते आणि कोमट झाले होते. त्याच वर्षी रशियात पटकीची साथ होती. रशियातून गरीब कुटुंबे अमेरिकेला जाण्यासाठी हांबुर्गला येत आणि जहाज मिळेपर्यंत बंदरातल्या पत्र्यांच्या पडव्यांत राहत. त्या पडव्यांचा मैला नदीतच जाई. रोग त्यांच्याबरोबर आला असावा असे पुष्कळांचे मत आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. रोग बाहेरून येणे वेगळे आणि तो घरोघर पोहोचणे वेगळे. घरोघर तो पोहोचवला शहराच्या नळाने. त्या गरिबांनी काही नळ बांधला नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर एक बांधकाम मजूर जुलाब-उलट्या होऊन मेला. तो राहायला आल्टोनात आणि कामाला हांबुर्गच्या बंदरात. आल्टोनाच्या डॉक्टराला शंका आली की ही खरी पटकी आहे. पुढच्या दिवसांत हांबुर्गच्या दवाखान्यांतही असे रोगी येऊ लागले. पण 'पटकी' हा शब्द कोणी उच्चारीना. का, तर उच्चारला की इतर बंदरे हांबुर्गची जहाजे थांबवणार. व्यापार बसणार. पक्का पुरावा मिळू द्या, मग बोलू, असे करत आठवडा गेला. तेवढ्यात अमेरिकेला जाणारी जहाजे 'शहरात साथ नाही' असा दाखला घेऊन निघतच होती. त्यांतल्या एका जहाजावर वाटेत बावीस माणसे मेली.

त्या आठवड्यात काय करता आले असते? लोकांना सांगता आले असते की पाणी उकळून प्या. एवढे पुरे होते.

२२ ऑगस्टच्या सुमारास दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जंतू निश्चित सापडला. २४ तारखेला सकाळी बर्लिनच्या सरकारने पाठवलेला रॉबर्ट कॉख हांबुर्गात उतरला. तो गल्ल्यांत फिरला. हांबुर्गच्या जुन्या भागात इतक्या अरुंद बोळांची वस्ती होती की घरांत दिवसाही उजेड येत नसे, आणि एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे राहत. ते पाहून तो म्हणाला की आपण युरोपात आहोत हे मी विसरूनच गेलो. कलकत्ता पाहिलेला माणूस हे बोलला. आपण त्याच्यावर रागवायचे की हांबुर्गच्या कारभाऱ्यांवर, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग धावाधाव सुरू झाली. पाणी उकळून पिंपांतून गल्लोगल्ली फुकट वाटू लागले. शाळा बंद केल्या. ऑगस्टच्या अखेरीस एका दिवसात हजाराच्या आसपास नवे रोगी सापडत होते. दवाखान्यांत खाटा पुरेनात, रोगी वाहायला गाड्या पुरेनात. स्मशानात दिवसपाळी आणि रात्रपाळी लावून खड्डे खणले जात होते. काय काळजी घ्यावी याची पत्रके घरोघर वाटायची होती. कोण वाटणार? सरकारी माणसे थोडी, आणि गरीब वस्तीतली घरे त्यांना ठाऊकही नव्हती. शेवटी सेनेटने मजुरांच्या पक्षाला विनंती केली. ज्या पक्षावर दोन वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने बंदी होती, ज्याच्या बहुतेक माणसांना सभेसाठी मत नव्हते, त्यांनीच ती पत्रके घरोघर नेऊन दिली.

मेली ती कोण माणसे? सगळ्या थरांतली मेली, पण सारखी मेली नाहीत. मिळकत जितकी कमी तितके मरण जास्त. मोठ्या घरात पाणी उकळायला मोलकरीण होती, जळण होते, आणि गावाबाहेर निघून जायला पैसा होता. मजुराच्या खोलीत यांतले काही नव्हते.

कॉखने दोन्ही शहरांची सरहद्द मुद्दाम पाहिली. शुल्टरब्लाट नावाचा रस्ता आहे. त्याची एक बाजू हांबुर्गची, एक आल्टोनाची. हांबुर्गच्या बाजूला घरोघर पटकी, आल्टोनाच्या बाजूला जवळजवळ नाही. पण खरा पुरावा पुढेच आहे. त्याच भागात हांबुर्गच्या हद्दीत घरांचा एक वाडा होता. साडेतीनशेच्या आसपास माणसे तेथे दाटीने राहत. वाडा हांबुर्गचा, कर हांबुर्गला, माणसे हांबुर्गची. मात्र काही सोयीसाठी त्याला पाण्याचा नळ आल्टोनाचा दिलेला होता. त्या वाड्यात पटकीचा एकही रोगी निघाला नाही. सभोवार माणसे मरत होती आणि हा वाडा कोरडा राहिला. जमीन तीच होती. तेव्हा जमिनीचा दोष म्हणणाऱ्यांना या वाड्याचे उत्तर देता येईना.

पेटेनकोफरांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी पटकीच्या जंतूंनी भरलेले पाणी मागवले आणि ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, साक्षीदारांसमोर ते पिऊन टाकले. त्यांना थोडे जुलाब झाले. ते मेले नाहीत. म्हाताऱ्याच्या धैर्याला नमस्कार करावा. पण एक माणूस वाचला म्हणून हांबुर्गातली ८,६०० माणसे परत आली नाहीत. आपल्याकडेही आजोबा सांगतात ना, आम्ही जन्मभर ओढ्याचेच पाणी प्यालो, आम्हाला काय झाले? ज्यांना झाले ते सांगायला उरलेले नसतात.

आता गंमत अशी की ज्या गाळणीला वीस वर्षे पैसे नव्हते तिला पैसे मिळाले. रात्रंदिवस काम करून ठरल्या मुदतीच्या आधी, १८९३ च्या मे महिन्यात, ती सुरू झाली. बंदराला स्वतंत्र डॉक्टर नेमला. आरोग्याची प्रयोगशाळा काढली. १८९६ साली नागरिकत्वाची फी उठवली आणि मजुरांना मताचा रस्ता थोडा खुला झाला. साथ येऊन गेल्यानंतरच्या ठरावांना कोणी तहकुबी सुचवत नाही, हा अनुभव सगळीकडचा आहे.

आल्टोनाचे मात्र नुसते कौतुक करून चालणार नाही. १८९३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, आल्टोनात थोडी पटकी झाली. कॉखने जाऊन पाहिले तर गाळणीचे पाणी गोठले होते. साफसफाई नीट झाली नव्हती, वाळू बिघडली होती आणि पाणी न गाळताच खाली उतरत होते. चौतीस वर्षे जुनी, इतकी नावाजलेली गाळणी. पण देखरेख चुकली आणि रोग आत आला. तेव्हापासून गाळणीचे पाणी रोज तपासायचे आणि त्यातले जंतू मोजायचे, असा नियम तेथे पडला.

पुढे १९३७ साली कायदा होऊन आल्टोना हांबुर्गातच सामील झाले. बेटावरच्या गाळण्या १९९० पर्यंत चालल्या. आता तेथे संग्रहालय आहे.

या हकीकतीचा एक धागा आपल्या मुंबईशीही जोडलेला आहे. हांबुर्गला सल्ला द्यायला गेलेला कॉख आणि त्याचा सहकारी गाफ्की, दोघेही १८९७ साली मुंबईत आले. या वेळी रोग होता प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला होता. ते महापालिकेचे सभासद होते. हांबुर्गसारखीच येथेही आधी लोकांना कबूल करायचे नव्हते. नंतर मात्र उलटे टोक गाठले. घरांत जबरीने शिरून रोगी ओढून नेऊ लागले, तेव्हा दंगे झाले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्च महिन्यात सरकारने महापालिकेला बाजूला सारून एका लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली. निवडून आलेल्या सभासदांना हे फार लागले. शहराच्या आरोग्याचा कारभार शहराने करायचा की सरकारने, हा वाद तेव्हा उघड्यावर आला. पैशांचा वाद तर त्याआधीपासूनचा. पोलिसांचा खर्च शहराने का द्यावा, दवाखान्यांचा सरकारने का देऊ नये, असा तो अनेक वर्षे चालला. १९०७ साली कायदा होऊन तडजोड झाली. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला, आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शाळा व दवाखाने यांचा भार महापालिकेने घेतला. शाळामास्तर म्हणून मला यात एवढेच दिसते की शाळा आणि दवाखाना ही दोन भावंडे नेहमी वाटणीच्या कागदावर शेवटी येतात.

खेड्यापाड्यांत ही वाटणी कशी आहे तेही सांगतो, कारण भांडण करायचे तर कोणाशी करायचे हे ठाऊक हवे. प्यायच्या पाण्याची आणि गावाच्या स्वच्छतेची जबाबदारी ग्रामपंचायतीची. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ही कामे लिहिलेली आहेत. दवाखाना, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेकडे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. पंचायतीने पाण्यात टी. सी. एल. पावडर टाकायची, आरोग्य केंद्राच्या माणसाने पाणी तपासायचे. येथेच गाडी अडते. विहिरीत पावडर पडत नाही म्हणून आरोग्याचा कर्मचारी पंचायतीला चिठ्ठी देतो. पंचायत म्हणते, पावडर घ्यायला पैसे नाहीत, लोक पाणीपट्टी भरत नाहीत. लोक म्हणतात, पाण्याला औषधाचा वास येतो, पट्टी कशाची भरायची? तिघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे असते आणि विहीर तशीच राहते.

पावडर टाकली की नाही हे पाहणे मुळीच अवघड नाही. आरोग्य कर्मचाऱ्याकडे ओ. टी. नावाचे औषध असते. नळाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले तर पावडर आहे. पाणी होते तसेच राहिले तर नाही. टाकीवर पाहून भागत नाही. शेवटच्या घराच्या नळाचे पाणी पाहावे, कारण पावडरीचा जोर वाटेत कमी होतो. आणि नळाची नळी गटारातून गेलेली असली, तिला कोठे भेग असली, तर टाकीतले स्वच्छ पाणीही घरी येईपर्यंत बिघडते.

शिवाय वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या सगळ्या जागांची पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, पावडर साठवलेली आहे का, असे सगळे लिहून घेतात. त्यावरून पंचायतीला कार्ड मिळते. धोका फार असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. हे कार्ड गुप्त नसते. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे आणि कोणत्या विहिरीमुळे आहे, हे पंचायतीच्या कचेरीत कोणालाही विचारता येते, आणि ग्रामसभेतही.